खेळाच्या पानावर बाईची जागा किती?

जिते गावच्या बचत गटांकडून पेण, रोहा आणि आसपासच्या सगळ्या गटांतल्या ताया, वहिन्या, काकी आणि शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलींशी थोडं बोलायचं आहे. एरवी आम्ही इथे कर्जाची परतफेड, पापड-मसाल्याची विक्री किंवा पोरींच्या शिक्षणाबद्दल बोलतो. आजचा विषय खेळाचा आहे. खेळाचा म्हणजे खेळाच्या बातमीचा. बायका कधीपासून खेळतायत, त्यांच्याबद्दल काय छापून आलं, काय आलं नाही आणि न छापल्याने नुकसान कोणाचं झालं, हा तो इतिहास.

सुरुवात एका प्रश्नाने करू. २०२५ या एका वर्षात भारताच्या महिला संघांनी निदान चार विश्वचषक जिंकले. ते कोणते? हाच प्रश्न आम्ही गटांच्या बैठकीत विचारला. पहिलं उत्तर सगळ्यांनी एका सुरात दिलं, क्रिकेट. थोड्या वेळाने एका कॉलेजच्या मुलीला खो-खो आठवला. पुढे मात्र सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

उत्तर असं आहे. १९ जानेवारीला दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवून जिंकला. कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक आला. २३ नोव्हेंबरला कोलंबोत आपल्या अंध मुलींनी त्यांच्यासाठीचा पहिलाच टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. आणि दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबरला, ढाक्यात महिला कबड्डी संघाने चायनीज तैपेईला ३५-२८ असं हरवून विश्वचषक जिंकला.

कबड्डी, बायांनो! आपल्या रायगड जिल्ह्यात कबड्डीचं पटांगण नसलेलं गाव शोधायला निघालात तर चप्पल झिजेल. थंडी सुरू झाली की गावोगाव प्रकाशझोतातले सामने लागतात, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लोक उठत नाहीत. अशा जिल्ह्यात बसून आपल्या पोरी कबड्डीच्या जगज्जेत्या झाल्या, हे आमच्या बैठकीतल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. क्रिकेटचा विजय आणि कबड्डीचा विजय यांच्यात फक्त बावीस दिवसांचं अंतर होतं. पहिल्या रात्री जिते स्टेशनच्या आसपासही फटाके वाजले. दुसऱ्या रात्री आम्ही जेवून झोपलो.

यात आमच्या बायांना दोष देण्यासारखं काही नाही. जे कानावर आलंच नाही, ते कळणार कुठून? मग ते कानावर का आलं नाही, हे बघायला जरा मागे जावं लागेल.

वजन छापलं, डाव छापला नाही

साधारण सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट. हमीदा बानू नावाची एक पहिलवान बाई होती. मूळ उत्तर प्रदेशातली, कुस्ती शिकली अलिगढला. ती पुरुषांशी कुस्ती लढायची. १९५४ साली तिने जाहीर केलं, जो मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करेन. त्याच वर्षी मे महिन्यात बडोद्याला बाबा पहिलवान नावाच्या मल्लाला तिने दीड मिनिटाच्या आसपास चीत केलं. मुंबईत एका रशियन पहिलवान बाईलाही हरवलं.

तिच्या बातम्या छापून आल्या नाहीत असं नाही. भरपूर आल्या. पण आल्या कशा? तिचं वजन १०८ किलो, तिची उंची पाच फूट तीन इंच, ती रोज साडेपाच लिटर दूध पिते, किलोभर मटण खाते, सहा अंडी खाते, इतके तास झोपते. जत्रेतल्या तंबूबाहेर पाटी लावतात ना, तशा त्या बातम्या. तिने कोणता डाव टाकला, कोणाकडून शिकली, सरावाला किती वर्षं घातली, हे वाचणाऱ्याच्या हाती फारसं लागत नव्हतं. पुण्यात रामचंद्र साळुंखे या मल्लाशी तिची कुस्ती ठरली होती, तिला तिथल्या कुस्तीच्या संघटनेने विरोध केला आणि ती रद्द करावी लागली. बाईने पुरुषाशी लढू नये, आणि ती लढते त्या कुस्त्याही खोट्या असतात, असं म्हणणारे बरेच होते.

पुढे ती आपल्या जवळच, कल्याणला राहिली. दूध विकलं, खोल्या भाड्याने दिल्या, आणि तेही पुरेना तेव्हा घरी केलेले खाण्याचे पदार्थ रस्त्याकडेला विकले. १९८६ साली ती गेली. जिचं रोजचं खाणं मोजून छापलं होतं, तिचे उतारवयातले हाल मोजायला कोणी आलं नाही. २०२४ साली गूगलने तिचं चित्र लावलं, तेव्हा नव्या पिढीला तिचं नाव कळलं.

ही गोष्ट सांगण्याचं कारण असं की बायकांच्या खेळावर अन्याय दोन तऱ्हांनी होतो. एक, बातमी येतच नाही. दुसरी, बातमी येते पण खेळाची येत नाही, बाईच्या अंगाची, कपड्यांची, लग्नाची येते. ही दुसरी तऱ्हा जुनी झाली असं समजू नका. नागपूरची दिव्या देशमुख बुद्धिबळ खेळते. २०२४ च्या जानेवारीत, अठरा वर्षांची असताना, ती नेदरलँड्समध्ये एक मोठी स्पर्धा खेळून आली आणि तिने जाहीरपणे लिहिलं की लोक माझ्या चालींपेक्षा माझे कपडे, माझे केस, माझं बोलणं याच्यावरच बोलतात. बुद्धिबळात माणूस खुर्चीवर बसून डोकं चालवतो. तिथेही बाईचे कपडेच दिसले. पुढच्याच वर्षी, जुलै २०२५ मध्ये, त्याच पोरीने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. म्हणजे वरच्या चार संघांच्या जोडीला हा पाचवा विश्वचषक, एकटीने आणलेला.

पहिला विश्वचषक बायकांचा

आता क्रिकेटकडे येऊ. कारण क्रिकेटमध्ये काहीतरी बदललं आहे, आणि ते कसं बदललं हे आपल्याला शिकायचं आहे.

घरच्या पुरुषांना आज रात्री एक प्रश्न विचारा. जगातला पहिला क्रिकेट विश्वचषक कधी झाला? बहुतेक जण १९७५ सांगतील. ते चूक आहे. पहिला विश्वचषक १९७३ साली इंग्लंडमध्ये झाला आणि तो बायकांचा होता. पुरुषांचा त्यानंतर दोन वर्षांनी आला.

त्याच १९७३ साली आपल्याकडे महिला क्रिकेटची संघटना उभी राहिली. एप्रिल महिन्यात पुण्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा संघ होते फक्त तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पुढची स्पर्धा वाराणसीला, तिथे आठ संघ. त्यापुढची कलकत्त्याला, तिथे चौदा. म्हणजे मुलींना खेळायचं नव्हतं असं नाही. पटांगण दिलं की त्या आल्या. लोकांना बघायचं नव्हतं असंही नाही. १९७६ साली पाटण्याला वेस्ट इंडीजला हरवून आपल्या बायकांनी पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा हजारो लोक बघायला आले होते.

पण बातमी नाही, टीव्ही नाही, म्हणून पैसा नाही. मुंबईच्या डायना एडलजी आणि त्यांच्या बरोबरीच्या खेळाडूंनी पुढे मुलाखतींत सांगितलं आहे की आम्ही रेल्वेच्या साध्या डब्यातून, आरक्षण नसताना, किट सांभाळत प्रवास करायचो आणि मोठ्या खोल्यांत जमिनीवर झोपायचो. देशाकडून खेळणाऱ्या या बायका. २००६ साली महिला क्रिकेट मुख्य क्रिकेट मंडळात आलं, तरी लगेच फरक पडला नाही. आदल्याच वर्षी, २००५ साली, मिताली राजच्या कर्णधारपदाखाली संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला होता. तुमच्यापैकी किती जणींना ते आठवतं?

मग २०१७ आलं. विश्वचषकाच्या तोंडावर एका पत्रकाराने मितालीला विचारलं, तुझा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण? तिने उलट विचारलं, तुम्ही पुरुष खेळाडूंना विचारता का त्यांची आवडती महिला क्रिकेटपटू कोण? हा सवाल गाजला. त्या वर्षी सामने टीव्हीवर दिसले. अंतिम सामना लॉर्ड्सच्या मैदानावर झाला, मुंबईच्या पूनम राऊतने ८६ धावा केल्या आणि आपण फक्त नऊ धावांनी हरलो. हरलो, पण घराघरांत लोकांनी तो सामना बघितला. एकदा बघितल्यावर, बायकांचं क्रिकेट कोण बघतो, हे म्हणायला तोंड उरलं नाही.

पुढचा हिशोब बघा. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये क्रिकेट मंडळाने सामन्याचं मानधन बायकांना पुरुषांइतकंच केलं: कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. २०२३ साली महिलांची लीग सुरू झाली आणि ती दाखवण्याचे पाच वर्षांचे हक्क ९५१ कोटी रुपयांना विकले गेले. पैसा आला तसा सराव वाढला, डॉक्टर आले, प्रशिक्षक आले. आणि २०२५ च्या ३० ऑक्टोबरला मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्सने नाबाद १२७ धावा करून ऑस्ट्रेलियाचं ३३९ चं लक्ष्य गाठून दिलं. तीन दिवसांनी सांगलीची स्मृती मानधना, मुंबईची जेमिमा आणि राधा यादव यांच्या हातात विश्वचषक होता.

खेळ चांगला झाला की आपोआप बातमी येईल, असं आपल्याला सांगतात. क्रिकेटचा इतिहास उलटं सांगतो. आधी दाखवलं गेलं, मग पैसा आला, मग खेळ आणखी चांगला झाला. आपल्या गटाचंच बघा. बँकेने पहिलं कर्ज दिलं नसतं तर आपला धंदा चांगला चालतो हे तिला कधी कळलं असतं?

कबड्डी: सुरुवात जवळजवळ बरोबरीने, पुढे वीस वर्षांचं अंतर

आता आपल्या मातीतल्या खेळाकडे.

पुरुषांची पहिली राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा १९५२ साली मद्रासला झाली. बायकांची पहिली १९५५ साली कलकत्त्याला. फरक फक्त तीन वर्षांचा. त्या काळात बाईने पटांगणात उतरणं किती अवघड होतं याचा विचार केला तर तीन वर्षं म्हणजे काहीच नाही. महाराष्ट्राच्या मुली तेव्हापासून या खेळात पुढे राहिल्या आहेत. पुण्याच्या शकुंतला खटावकर यांना तर अर्जुन पुरस्कार मिळाला. खेळाच्या नियमांत बायकांचं मैदान १२ बाय ८ मीटर आणि पुरुषांचं १३ बाय १०. पटांगणातला फरक एवढाच, एक-दोन मीटरचा.

पण पुढे काय झालं ते ऐका. पुरुषांची कबड्डी १९९० साली आशियाई स्पर्धेत आली. बायकांची आली २०१० साली. तीन वर्षांचं अंतर वीस वर्षांवर गेलं. त्या वीस वर्षांत ज्या मुली चढाया करत होत्या, पकडी करत होत्या, त्यांचं वय निघून गेलं. त्यांना देशासाठी आशियाई पदक आणायची संधीच मिळाली नाही. आणि संधी मिळाल्यावर बायकांनी काय केलं? २०१० ला सुवर्ण, २०१४ ला सुवर्ण, २०१८ ला इराणकडून अवघ्या तीन गुणांनी हरून रौप्य, आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला चीनमधल्या हांगझोऊला २६-२५ असं एका गुणाने जिंकून पुन्हा सुवर्ण. ते त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक होतं. शंभर पदकं झाली ही बातमी सगळीकडे गाजली. त्या संघात महाराष्ट्राच्या सोनाली शिंगटे आणि स्नेहल शिंदे होत्या, हे किती जणींना कळलं?

त्याआधी २०१२ साली पाटण्याला महिला कबड्डीचा पहिला विश्वचषक झाला होता. सोळा देश आले होते. अंतिम सामन्यात आपण इराणला २५-१९ असं हरवलं. संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या: अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ. राज्य सरकारने तिघींना प्रत्येकी एक कोटी रुपये जाहीर केले, तेव्हा काही दिवस त्यांचे फोटो आले. अभिलाषाला पुढे अर्जुन पुरस्कारही मिळाला. पण दुसरा विश्वचषक व्हायला २०२५ उजाडलं. मध्ये तेरा वर्षं गेली. तेरा वर्षांत पाटण्याच्या विजयाच्या वेळी जन्मलेली पोर सातवी-आठवीत जाते.

२०१४ साली टीव्हीवर पुरुषांची प्रो कबड्डी सुरू झाली. आपण सगळ्यांनी बघितली, पोरांनी चढाईपटूंची नावं पाठ केली. २०२२ च्या लिलावात पवन सेहरावत या एका खेळाडूला २ कोटी २६ लाख रुपये मिळाले. चांगलंच झालं, मातीतल्या खेळाला मान मिळाला. पण मुलींना काय मिळालं? २०१६ साली प्रो कबड्डीच्या जोडीला बायकांची एक छोटी स्पर्धा करून बघितली. तीनच संघ. एकाची कर्णधार आपली अभिलाषा म्हात्रे. अंतिम सामना २४-२३, एका गुणाचा, श्वास रोखून बघावा असा. आणि पुढच्या वर्षीपासून ती स्पर्धा बंद. पुरुषांची मात्र वर्षामागून वर्षं चालू आहे.

क्रिकेटमध्ये जे चाक फिरलं, ते कबड्डीत एकदा हलवून सोडून दिलं. म्हणूनच २ नोव्हेंबरला फटाके वाजले आणि २४ नोव्हेंबरला नाही.

ही काही आपलीच रडकथा नाही

कोणी म्हणेल, आपला देश गरीब, आपले लोक जुन्या विचारांचे, म्हणून असं होतं. तसंही नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरातल्या टीव्हीवरच्या खेळाच्या बातम्या अभ्यासकांनी १९८९ पासून तीस वर्षं ठरावीक काळाने मोजल्या. १९८९ साली बायकांच्या खेळाला मिळणारा वेळ होता सुमारे ५ टक्के. २०१९ सालीही तो सुमारे ५ टक्केच निघाला. त्या तीस वर्षांत अमेरिकेच्या बायकांनी ऑलिंपिकची पदकं ढिगाने आणली, तरी बातमीचा वाटा जागचा हलला नाही. युनेस्को या संस्थेने २०१८ साली सांगितलेला आकडा असा: खेळणाऱ्यांमध्ये शंभरात चाळीस बायका, आणि खेळाच्या बातम्यांत त्यांचा वाटा शंभरात चार.

शंभरात चार, याचा अर्थ आपल्या हिशोबाने लावू. शंभर भाकऱ्या थापल्या, त्यातल्या चाळीस तुमच्या पिठाच्या, आणि ताटात चार आल्या.

बातमी पेणहून कशी निघते

दिल्ली-मुंबईच्या टीव्हीवाल्यांना आपण इथून काय सांगणार, असं तुम्हाला वाटेल. पण बातमीचा उगम मुंबईत नसतो, तो आपल्या पटांगणाच्या कडेलाच असतो. तो कसा, ते बघा.

गावात स्पर्धा होते. पुरुषांचे संघ चाळीस, बायकांचे सहा. बायकांचे सामने दुपारी, उन्हात, लोक यायच्या आधी लावून टाकतात. अंतिम सामना रात्री, दिव्यांखाली, पुरुषांचा. बक्षीसही तसंच, त्यांना रोख रक्कम आणि मोठा चषक, मुलींना छोटा चषक आणि गुलाबाचं फूल. दुसऱ्या दिवशी आयोजक मंडळ बातमी लिहून स्थानिक वार्ताहराकडे पाठवतं. गावाकडच्या वार्ताहराला पगार फारसा नसतो, तो प्रत्येक सामन्याला येऊ शकत नाही. जे हातात येईल ते तो पुढे पाठवतो. आणि हातात काय येतं? उद्घाटन कोणाच्या हस्ते, नारळ कोणी फोडला, व्यासपीठावर कोण कोण होतं, हे आठ ओळी. मग पुरुषांचा अंतिम सामना सहा ओळी. आणि शेवटी एक ओळ: महिला गटात अमुक संघ विजयी. त्या ओळीत एकाही मुलीचं नाव नसतं.

आमच्या भागातल्या एका स्पर्धेत आम्ही हे डोळ्यांनी बघितलं आहे. एका मुलीने एका चढाईत तीन गडी टिपून सामना फिरवला. दुसऱ्या दिवशी बातमीत ती नव्हती. ज्यांनी तिला चषक दिला त्या पाहुण्यांचा फोटो होता, आणि त्यात तिचा अर्धा खांदा आला होता.

हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांना हे वेगळं समजवायला नको. मूर्ती घासून गुळगुळीत करणारे, रंग भरणारे हात कितीतरी ठिकाणी बायकांचे असतात. मूर्ती मुंबईला जाते, परदेशात जाते, पेणचा गणपती म्हणून नाव होतं. घासणारीचं नाव कारखान्याच्या दाराबाहेर जात नाही.

यात नुकसान फक्त मानाचं नाही, पोटापाण्याचंही आहे. आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. ते मिळवायला प्रमाणपत्र लागतं, स्पर्धा मान्यताप्राप्त असावी लागते, नाव बरोबर लिहिलेलं लागतं. मुलग्याच्या घरात ही माहिती पटकन पोहोचते, कारण त्याचा खेळ गावात बोलला जातो, कोणीतरी अनुभवी माणूस त्याला सांगतो. मुलीचा खेळ बोलला जात नाही, म्हणून तिला सांगणारंही कोणी नसतं. मग घरी एकच प्रश्न येतो, खेळून काय मिळणार? बापाला दाखवायला एक कात्रणसुद्धा नसलं तर पोरगी उत्तर काय देईल? सोळाव्या-सतराव्या वर्षी तिचं पटांगण सुटतं. पुढे लोक म्हणतात, मुली टिकतच नाहीत खेळात.

आपल्या हातात काय आहे

गट चालवताना आपण एक गोष्ट पक्की शिकलो. जे वहीत लिहिलं नाही ते झालंच नाही असं धरलं जातं. पाच रुपयांचा हप्ता असो की ठराव असो, इतिवृत्तात नोंद हवी. हीच सवय आता पटांगणात न्यायची आहे. आमच्या गटांनी ठरवलेल्या गोष्टी सांगतो, तुम्हाला पटतील त्या घ्या.

पहिली गोष्ट, नोंद. गावात मुलींचा सामना असला की गटातल्या दोघींनी वही घेऊन बसायचं. प्रत्येक मुलीचं पूर्ण नाव, गाव, कोणी किती गुण घेतले, कोणी किती पकडी केल्या, शेवटचा गुणफलक. कबड्डीचे नियम येत नसतील तर पोरींनाच विचारा, त्या आनंदाने शिकवतील.

दुसरी गोष्ट, बातमी आपणच लिहायची. त्याच रात्री दहा ओळी लिहून वार्ताहराला व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या. पहिल्या ओळीत विजयी संघ आणि चांगल्या खेळलेल्या मुलीचं नाव. पाहुण्यांची नावं शेवटी. फोटो चढाईचा किंवा पकडीचा, हार-तुऱ्यांचा नाही. तयार बातमी मिळाली तर वार्ताहरही ती नाकारत नाही, त्याचंही काम हलकं होतं. आणि हा रेडिओ आपलाच आहे. इथे गुणफलक वाचून दाखवायला कोणाची परवानगी लागत नाही.

तिसरी गोष्ट, आयोजक मंडळाकडे जायचं. ती आपलीच पोरं असतात, कोणाचा भाचा, कोणाचा दीर. भांडण करायची गरज नाही. वर्गणी आपण देतो, जेवण आपण रांधतो, तर एवढं मागायचं की मुलींचा अंतिम सामना रात्री, पुरुषांच्या अंतिम सामन्याच्या आधी, दिव्यांखाली व्हावा. बक्षिसाची रक्कम पत्रकात दोन्ही गटांची सारख्या अक्षरात छापावी. रक्कम आज सारखी नसली तरी ती लिहिलेली दिसली म्हणजे पुढच्या वर्षी बोलता येतं.

चौथी गोष्ट, शब्द. मुलगी जिंकली की रणरागिणी, दुर्गा, वाघीण असं लिहितात. ते कौतुकच असतं. नाशिकच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक आणलं, तिचं नाव पडलं सावरपाडा एक्स्प्रेस. पाड्याचं नाव जगाला कळलं, हे चांगलं झालं. पण टोपणनावाबरोबर ती किती वेळात धावली, रोज किती किलोमीटर सराव करायची, हेही सांगितलं पाहिजे. नाहीतर पुन्हा हमीदा बानूची गत. आणि मुलींनीही बाजी मारली, यातला तो ही काढून टाका. मुलींनी बाजी मारली, एवढं पुरे.

पाचवी गोष्ट, जुन्या खेळाडू शोधा. तुमच्या गावात चाळिशी-पन्नाशीच्या कोणीतरी काकी असतील, ज्या लग्नाआधी तालुक्याला, जिल्ह्याला खेळल्या. आज त्या शेतावर आहेत, मासळी विकतायत, नातवंडं सांभाळतायत. त्यांच्याकडे बसा. कोणत्या साली, कोणत्या गावात, कोणाविरुद्ध खेळल्या ते लिहून घ्या. त्यांच्या पेटीत एखादं पिवळं पडलेलं प्रमाणपत्र निघेल, त्याचा फोटो काढा. रायगडच्या कबड्डीचा इतिहास लिहायला उद्या कोणी बसलं, तर पुरुषांची पानं भरतील एवढी कात्रणं मिळतील. बायकांची पानं आपल्या वहीवाचून भरणार नाहीत.

आणि शेवटची, अगदी सोपी गोष्ट. येत्या आठवड्यात घरी किंवा ग्रामपंचायतीत येणारं वर्तमानपत्र घ्या आणि खेळाच्या पानावरच्या बातम्या मोजा. किती पुरुषांच्या, किती बायकांच्या, फोटो किती, आणि त्या फोटोत बाई खेळताना आहे की हार घालून उभी आहे. सात दिवसांचा आकडा गटाच्या वहीत लिहा. पुढच्या महिन्याच्या बैठकीला सगळ्या गटांचे आकडे एकत्र करू आणि ते याच कार्यक्रमात वाचून दाखवू. मग संपादकांना पत्र लिहायचं ठरलं तर आपल्याकडे नुसती तक्रार नसेल, हिशोब असेल.

मोजायला लागलात की घरातल्या पोरींनाही सोबत घ्या. आणि ढाक्याला कबड्डीचा विश्वचषक कोणी जिंकला हे आज रात्री जेवताना घरात सगळ्यांना विचारा. उत्तर आलं नाही तर तुम्ही सांगा. गुणफलक पुन्हा एकदा सांगतो: भारत ३५, चायनीज तैपेई २८. कर्णधार रितू नेगी.